दंडवाला ल

अहो वहिनी, कढीपत्ता देते, पण आधी जरा भिंतीपाशी या. हा कागद बघा. थांबा, हात पुसा, हळदीचे आहेत. आमच्या नातीचं मुखपृष्ठ आहे हे. तिसरं! पहिल्या दोन्हींचं घाटावर विसर्जनच करायचं बाकी होतं.

कॉलेजात सांगितलं होतं, एक पुस्तक घ्या, त्याचं मुखपृष्ठ आणि आतली अक्षरजुळणी सगळं तुम्हीच करा. हिनं घेतले आपले उज्जैनचे हरिभाऊ वाकणकर. लहान मुलांसाठी छोटंसं पुस्तक, मजकूरही हिनंच लिहिला. 1957 साली भोपाळजवळ आगगाडीच्या खिडकीतून त्यांना खडक दिसले आणि मग पायी हिंडून त्यांनी भीमबेटकाच्या गुहांमधली चित्रं शोधली, ती गोष्ट. पुस्तकाला नाव दिलं ‘गुहेतली शिकार’. नाव झकास आहे की नाही?

पण पहिल्या मुखपृष्ठावर काय टाकलं असेल? आपला राम घाट! संध्याकाळची आरती, पाण्यात तरंगणारे दिवे, मागे देवळांचे कळस आणि वर सोनेरी वेलबुट्टीची अक्षरं. कोपऱ्यात बिचारं एक हरीण. आमचे हे लगेच म्हणाले, “क्या बात है!” मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू. लग्नपत्रिका म्हणून छापलं असतं तर पहिला नंबर आला असता. सरांनी एवढंच विचारलं म्हणे, “शिकार घाटावर झाली का?”

पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. मी सरांना मनातल्या मनात चार शब्द सुनावले. मग चहा घेताना पुन्हा बघितलं, तर त्यांचंच खरं. घर घाटाजवळ आहे म्हणून काय प्रत्येक पुस्तकावर आरती लावायची?

दुसऱ्या खेपेला घाट गेला, दिवे गेले, सोनं गेलं. गेरूसारखा लाल आणि पांढरा, दोनच रंग ठेवले, कारण त्या खडकांवरच्या चित्रांत बहुतेक तेच आहेत. मधोमध एक धनुर्धारी, काडीसारखा. तेव्हा सरांनी अक्षरं धरली. इंग्रजी पुस्तकांवर असतात तशी हिनं ती एकमेकांपासून लांब लांब ठेवली होती. इंग्रजीत चालतं हो, आपल्यात शिरोरेघ तुटते. पाऊस पडून गेल्यावर आपल्या मागच्या भिंतीचा गिलावा दिसतो ना, अगदी तसं. शिवाय ‘गुहेतली’ वर आणि ‘शिकार’ खाली. मग गुचा उकार खालच्या शिच्या वेलांटीत अडकला. आपल्या अक्षरांना वरही कपडे, खालीही कपडे. दोन ओळींत जागा सोडायला नको?

ते तिनं सुधारलं आणि मला दाखवायला आणलं. मी चष्मा लावला आणि म्हटलं, “बाळा, हा ल आपला नाही.” आपला ल दोन पाकळ्यांचा, मधे देठ. हिचा तो उजव्या बाजूला दंड रोवून उभा. शसुद्धा तसाच परका. ती म्हणाली, “आजी, मी मराठीतच टाइप केलंय.” आता हे बघा, मला हे कालच कळलं: कॉम्प्युटरच्या लेखी दोन्ही ल एकच अक्षर. ते दिसायचं कसं हे फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टांच्या पोटात दोन्ही रूपं असतात, भाषा मराठी निवडली की आपलं बाहेर येतं. हिच्याकडे भाषा हिंदीच राहिली होती. तिरो म्हणून एक फॉन्ट आहे, त्याचे तर हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे संचच मिळतात. महाराष्ट्र सरकारनंही 2009 साली आदेश काढून आपला ल आणि श कसे लिहायचे ते ठरवून दिलंय.

काय म्हणालात? उज्जैनात कोण बघतंय? वहिनी, तुमच्याच दारावरची पाटी बघा. आडनावातला ल दंडवाला आहे की नाही? पेंटरभैय्यानं रंगवला आणि वीस वर्षं कुणी हूं की चूं केलं नाही. आता सिंहस्थाच्या कामांत गल्लीभर नव्या पाट्या लागताहेत, पोरांच्या डोळ्यांना तोच ल खरा वाटणार. मला मात्र खटकतो. पूर्वी घरी पोस्टानं ‘दीपावली’चा अंक यायचा, दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ पाहायला आम्हा बहिणींत मारामारी व्हायची. त्यातून डोळा तयार झाला असेल माझा. सरांच्याही नजरेतून तो ल सुटला होता बरं का! ते इंदूरचे, हिंदीवाले; त्यांचा काही दोष नाही.

तर हे तिसरं. बघा, भिंतीपलीकडूनही वाचता येतंय ना? तेवढ्यासाठीच तुम्हाला तिकडेच उभं केलं. धनुर्धारी मात्र मला अजून थोडा मोठा हवा होता, पण ती ऐकत नाही.

आणि एक काम आहे. मागची बाजू अजून मोकळी आहे. तुमचे सासरे हरिभाऊंच्या भारती कला भवनात चित्रकला शिकायला जायचे ना? त्या वेळचा एखादा फोटो ट्रंकेत असेल तर शोधा. बुधवारी छपाईला द्यायचंय. हा घ्या कढीपत्ता.