अंड्याला हळद

हळदीइतका चिवट पदार्थ स्वयंपाकघरात दुसरा नाही. नव्या शर्टावर वरणाचा एक थेंब पडू द्या. शर्ट फाटेल, डाग राहील. मिक्सरचं भांडं, ओट्याची कड, प्लास्टिकचे डबे, करवल्यांच्या साड्या, सगळीकडे तिची सही. आणि आमच्या वाशीम जिल्ह्यात तर बोलायची सोय नाही. रिसोड-शिरपूरकडे शेतात हळद, बाजार समितीत हळदीचे ढीग. हंगामात त्या बाजूने नुसतं जाऊन आलं तरी रुमाल पिवळा. अशी ही न बोलावता सगळीकडे जाऊन बसणारी बाई, मुद्दाम निमंत्रण दिलं की मात्र भाव खाते. हे कळायला अंडं रंगवावं लागतं.

ही कल्पना पोरीची. पुण्याला शिकते; गुड फ्रायडेची जोडून सुट्टी आली म्हणून घरी आली आणि येताना डोक्यात हे घेऊन आली. ग्रीसमध्ये म्हणे ईस्टरला अंडी लाल रंगवतात आणि एकमेकांच्या अंड्यावर आपटतात. ज्याचं फुटत नाही तो वर्षभर नशीबवान. इराणात नवरोजला रंगवलेली अंडी मांडतात. युक्रेनमध्ये मेणाने नक्षी काढून अंडी रंगवायची कला आहे, तिला २०२४ मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं. "आणि आपण?" पोरीने विचारलं. आपण अंडं फोडतो, कांदा घालतो आणि भुर्जी करतो, असं मी म्हणालो. त्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर पुण्याची होती.

आमच्या घरात अंड्याला गच्चीपर्यंतच परवानगी आहे. तिथे त्याचा वेगळा स्टोव्ह, वेगळं चेपलेलं जर्मनचं पातेलं. आई माळकरी. सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे थांबवले. अंड्याबाबत आमच्या आईचं धोरण सरकारपेक्षा कितीतरी स्थिर आहे. अडचण एवढीच, की उन्हाळ्यात गच्चीवर तिच्या कुरडया आणि पापड वाळत असतात. म्हणजे एका कोपऱ्यात कुरडया, दुसऱ्या कोपऱ्यात अंडी आणि मधे राखणीला काठी घेऊन आई. काठी कावळ्यांसाठी होती, असं ती म्हणते.

रंगासाठी पहिली गरज कांद्याच्या सालींची. त्या आमच्या घरच्या कांद्यांत भागेनात म्हणून मी बाजारात गेलो.

"कांदे किती देऊ, भाऊ?"

"कांदे नकोत, नुसती फोतरं पाहिजेत."

भाजीवालीने तराजू खाली ठेवला. "घरी सारं बरं हाय ना?" मग कोणताही प्रश्न न विचारता तिने टोपलीच्या तळाची सगळी फोतरं पिशवीत कोंबली, वर दोन कांदेही टाकले, फुकट. भावाच्या चढउतारात शेतकऱ्याचं काय होतं हे आपण वाचतो. गिऱ्हाईकाची अशी दया आलेली मी प्रथमच पाहिली.

फोतरं उकळली की पाण्याला गडद विटकरी रंग येतो. हा रंग खरा इमानदार. पांढरं अंडं त्यात उकळलं की काही करावं लागत नाही, लालसर तांबडं होऊन बाहेर येतं. पोरीने त्यात कलाकुसर केली. ओल्या अंड्यावर कोथिंबिरीचं एक पान बोटाने दाबून चिकटवलं, वरून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून दोऱ्याने गच्च आवळला आणि ते गाठोडं पाण्यात सोडलं. उकळून, गार करून जाळी सोडली, पान नखाने उचललं. खाली कोथिंबिरीची एकेक कातर, देठाच्या बारीक रेघेसकट, पांढरी उमटलेली. आईची मान काठीसकट आमच्याकडे वळली.

बाकीचे रंग मात्र सरळ स्वभावाचे नाहीत. बीटने ओटा, हात आणि पोरीचा टीशर्ट गुलाबी केला, अंडं जरासं लाजल्यासारखं दिसलं. लालभडक जास्वंदीच्या पाण्यातून अंडं निघालं ते करड्या निळ्या रंगाचं. कारण कवच म्हणजे बहुतेक सगळा चुनाच. जास्वंदीचा रंग आंबटात लाल राहतो, चुन्याला भेटला की निळा पडतो. आणि हळद? तिचं पाणी पिवळंधमक, अंडं फिकट. मग पाण्यात व्हिनेगर घातलं. घातल्याबरोबर अंड्याच्या अंगावर बारीक बुडबुडे चढले. आम्ल कवच खाऊ लागतं, ते खरखरीत होतं आणि रंगाला धरायला जागा मिळते. फार घातलं तर कवचच जातं, हेही पोरीने आधी सांगून ठेवलं होतं.

आता आईला राहवेना.

"काय करून राह्यले रे?"

"अंड्याला हळद लावतोय, आई."

"अंड्याले हळद? कोनाचं लगन हाय?"

पण उठून चार हातांवर येऊन उभी राहिली. लहानपणी धुळवडीला पळसाची फुलं रात्री भिजवून, सकाळी उकळून केशरी रंग करायचा, त्यात चिमूटभर चुना टाकला की तो कसा चढायचा, हे तिने शिवाशिव पाळत सांगितलं. "हळदीले चुना लाव, मंग पाह्य." पानाच्या डब्यातला चुना पोरीने बोटाने पिवळ्या अंड्यावर फिरवला. बोट जाईल तिथे लाल. हळदीचं कुंकू असंच तर होतं! पोरीने लगेच लिंबू पिळून पाहिलं. लाल पुन्हा पिवळं. आई इतकी रंगली की अंड्याला हात न लावता तिने पुढचा सगळा कारखाना काठीच्या टोकाने चालवला. "हे बुडव. ते काढ. आता ग माय, पलटव ना त्याले!" कावळ्याने तेवढ्यात एक कुरडई नेली, तिच्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी सगळी अंडी ताटात मांडून तेल पुसून चकचकीत केली आणि शेजारच्या काकूंना दाखवायला बोलावलं. काकू अंगणात गावरान कोंबड्या पाळतात, अंड्याच्या विषयातला त्यांचा शब्द गल्लीत अखेरचा. त्यांनी कांद्याच्या फोतरातलं तांबूस अंडं उचललं, उजेडात फिरवून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"येवढा गॅस जाळला, येवढी फोतरं आनली," त्या म्हणाल्या, "अन् रंग आला तो आमच्या कोंबडीचा. मले सांगतलं असतं त रंगवलेलंच देल्लं असतं. आठ रुपयाले एक."