ज्याचा ऊस, त्याचा काटा

अर्थशास्त्रातला सर्वात मोठा शोध विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एका तक्त्यात दडलेला आहे. 2018च्या नियमावलीनुसार प्राध्यापकाला बढतीसाठी सामाजिक शास्त्रांतल्या एका शोधनिबंधाला 10 गुण. तोच दोघांनी मिळून लिहिला, तर प्रत्येकाला 70 टक्के. सात आणि सात, झाले 14. काही न पिकवता 40 टक्के वाढ! आमच्या कोडोलीत एखाद्या पतसंस्थेने असा परतावा कबूल केला, तर दुसऱ्या दिवशी सहकार खात्याची चौकशी लागेल.

साहजिकच मंडळी जोडीने लिहू लागली. ‘पन्हाळा तालुक्यातील अमुक : एक अभ्यास’ एवढे शीर्षक सुचले की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे पैसे भरताच छापून देणारे नियतकालिक करते. त्याच्या नावात ‘इंटरनॅशनल’ असतेच.

परवा स्टँडजवळच्या टपरीवर एक सर बढतीची जाडजूड फाइल मिरवत होते. शेजारी चहा पीत बसलेल्या ऊसकरी तात्यांनी ती हातावर तोलली आणि विचारले, “सर, वजन झकास भरलंय. पर उतारा किती?”

तात्यांचे बरोबर होते. कारखान्यावर नुसत्या टनांवर भागत नाही. एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला धरून ठरते, त्यावर उतारा चढेल तसे जादा पैसे. सरांच्या कागदांतून गावच्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडले, हा रकाना मात्र तक्त्यातच नाही.

जोडीने लिहिणे तसे जुनेच. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या पुण्याच्या अर्थतज्ज्ञ जोडीचा भारतातील दारिद्र्यावरचा निबंध 1971 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला आणि गरिबी मोजायची कशी, यावर देशभर वाद पेटला. आजच्या तक्त्यात दोघांना मूळ गुण सात-सात. टपरीवरच्या सरांना आणि त्यांच्या जोडीदारालाही सात-सात. समता म्हणतात ती हीच.

आयोग काही झोपला नव्हता. मे 2018 मध्ये त्याने आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून 4,305 नियतकालिके एका फटक्यात काढली. मग ‘केअर’ नावाची नवी यादी आली. फेब्रुवारी 2025 मध्ये तीही मोडीत निघाली. आता चांगले नियतकालिक कोणते, ते ज्याच्या त्याच्या संस्थेने ठरवायचे. म्हणजे ज्याचा ऊस, त्याचाच काटा. असा साखर कारखाना काढायची परवानगी कुणी देत असेल, तर कळवावे. सभासद व्हायला अख्खी कोडोली रांगेत उभी राहील.