आंजीकक्का

दरभंग्यातल्या निवृत्त मास्तरांमध्ये एक जात हमखास आढळते: मैथिलीची तिरहुता लिपी वाचवणारे कक्का. डोक्यावर मिथिलेचा पाग, तोंडात पान, हातात फोन. ‘प्रणाम कक्का’ म्हटलं की आशीर्वादाऐवजी ‘११४८०!’ ऐकू येतं. हा युनिकोडमधला ‘आंजी’चा क्रमांक. जुनी मैथिल पत्रं आणि पोथ्या या चिन्हाने सुरू होत. त्याला गणपतीचा दात मानतात. चिन्हाला उच्चार नाही. ज्याला उच्चारच नाही, त्यावर कक्का तीन पानं संपेपर्यंत बोलतात.

तिरहुताला २०१४ साली, युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत ८२ चिन्हांची जागा मिळाली. आनंद व्हायला हवा. पण कैथी लिपी २००९ सालीच आत गेली, हे कक्कांना सोसत नाही. मैथिलांच्या वंशावळी, म्हणजे पंजी, तिरहुतात; कैथी कोर्टकचेरीच्या कागदांतली. “घरात धाकटीचं लग्न आधी उरकलं हो!” कैथीचा अर्ज आधी गेला असेल, असं सुचवू नये. पान थुंकायला कक्का फार लांब जात नाहीत.

लिपी बंगालीसारखी दिसते, हेही बोलू नये. “बंगाली आमच्यासारखी दिसते!” मराठी माणसाच्या मात्र ते गळ्यातच पडतात, कारण मोडी त्याच २०१४ च्या आवृत्तीत आली. “आपण एका वर्गातले!” मग मोडीत चार ओळी लिहून दाखवा म्हणतात, आणि मराठी माणसाला एकदम गाडीची वेळ आठवते.

बंगळूरच्या मुलाला ते रोज तिरहुतात लिहितात. त्याच्या फोनात फॉन्ट नाही, त्यामुळे त्याला नुसते चौकोन दिसतात. ‘ठीक छै बाबूजी,’ असं तो रोमनमध्ये कळवतो. बापाने आशीर्वाद दिला की पैसे मागितले, हे एकट्या बापालाच ठाऊक.

परवा त्यांनी दारावरच्या पाटीचा मजकूर पेंटरला फोनवर पाठवला, वर आंजी, खाली नाव. पेंटर इमानदार. त्याच्या फोनात जे उमटलं ते त्याने तांबड्या रंगात, पिवळी किनार देऊन रंगवलं: ओळीने चौकोन. गल्ली जमली. कक्कांनी चष्मा पुसला, बोट ठेवत एकेक चौकोन मोजला आणि पेंटरच्या हातावर पैसे ठेवले.

“शुद्धलेखन बरोबर आहे. एक वेलांटीसुद्धा गळलेली नाही.”