आडपाव दशमान

वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, ऑक्टोबर १९५८ पासून किलोची वजनं बाजारात उतरू लागली आणि सरकारदरबारी देश दशमान झाला. एकदा आमच्या भाजीवालीला विचारायला हवं होतं.

तिच्या गाडीवर लोखंडी वजनं आहेत : किलो, पाचशे, दोनशे, शंभर, पन्नास. कायद्याच्या या खानदानात अडीचशे जन्मालाच आला नाही, आणि गिऱ्हाईक नेमकं पावकिलोच मागतं. मग दोनशेवर पन्नास चढतात. आडपाव मिरच्या मागितल्या की ती शंभराचं वजन टाकते आणि राहिलेल्या पंचविसांच्या नावानं चार मिरच्या मुठीनं भिरकावते. वर "घ्या ताई, जास्तच आहेत" हे फुकट.

खरी गोम निम्मं करण्यात आहे. निम्मं कुणालाही करता येतं, दहावा हिस्सा काढायला मात्र मास्तर लागतो. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, रुपयाचे सोळा आणे. करत जा निम्मं! शंभराचं तिसऱ्यांदा निम्मं करा, साडेबारा हातात येतात. नव्या पैशांच्या हिशेबात आण्याचे सव्वासहा पैसे व्हायचे. तो वरचा पाव पैसा गल्ल्यात पडला की गिऱ्हाइकाच्या खिशात, हे ज्याच्या-त्याच्या चिवटपणावर ठरे.

सराफ या सगळ्यांत हुशार. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आताचा दहाचा. नाव घराण्याचं, वजन सरकारचं. सासूच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या सुनेच्या पाच तोळ्यांहून आठ ग्रॅमनी जड भरतात, आणि हे दोघींपैकी कोणाला पाठ आहे ते सांगायला नको. काचेच्या बांगड्यांना तर दशमानाचा वाराही लागलेला नाही. 'दोन-चार'ची बांगडी म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे चार सोळांश, थोडक्यात सव्वादोन. आमचे इंजिनिअर जावई दुकानात 'दोन पॉइंट चार' म्हणतात. गणित साफ चुकतं, बांगडी मात्र बरोबर बसते, कारण कासार त्यांच्या पॉइंटकडे लक्षच देत नाही.

सातबाऱ्यावर हेक्टर-आर, भांडण गुंठ्यांत. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, गुंठा त्याहून जेमतेम सव्वा मीटरनं मोठा. जेमतेम म्हणायचं ते आपण. भावकीत याहून कमी जागेसाठी दोन-दोन पिढ्यांनी वकील पोसलेत.

तापाचं आणखी निराळं. ऊन सेल्सिअसमध्ये तापतं, माणूस फॅरनहाइटमध्ये. चंद्रपूरला पंचेचाळीस म्हटलं की आई इथे पदरानं वारा घेते. पण परवा जर्मनीहून भाचीचा फोन आला, "आजी, बाळाला अडतीस पूर्णांक पाच झालाय गं!"

"अडतीस? अगं, मग पोर गार पडलंय! आधी पांघरूण घाल त्याला!"

मी घाईघाईनं मोबाइलवर हिशेब केला. एकशे एक पूर्णांक तीन.

"मग सरळ ताप आलाय म्हणावं की," असं म्हणून आई खुर्ची ओढून नीट काळजी करायला बसली.