साठीतले कनिष्ठ

माणूस म्हातारा कधी होतो, याचं उत्तर जन्मतारखेत शोधण्यात अर्थ नाही. ते सेवाज्येष्ठतेच्या यादीत शोधायला हवं. राज्य सरकारातला कारकून ५८व्या वर्षी निवृत्त होतो, केंद्रातला ६०व्या. शाल-श्रीफळ होतं, भाषणं होतात, ज्या साहेबाने जन्मभर रजा नाकारली तोच ‘आता घरच्यांना वेळ द्या’ असं गहिवरून सांगतो, आणि सत्कारमूर्ती आपण आता ज्येष्ठ झालो या समजुतीत घरी येतात. घरी ८७ वर्षांचे वडील आणि ८३ वर्षांची आई असतील, तर ही समजूत संध्याकाळच्या चहापर्यंतही टिकत नाही. यादीतल्या वरच्या दोन्ही जागा भरलेल्या असतात आणि त्या रिकाम्या व्हाव्यात अशी इच्छा धरणं सभ्यपणात बसत नाही. माझं म्हणणं एवढंच, की आईवडील घरात आहेत तोवर कोणीही म्हातारा होत नाही. तो नुसता जुना मुलगा होतो.

याला खुद्द सरकारचा आधार आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा २००७चा कायदा साठी गाठलेल्या प्रत्येकाला ज्येष्ठ नागरिक म्हणतो. पण त्याच कायद्यात ‘अपत्य’ कोण हे सांगताना वयाची वरची मर्यादा कुठेच घातलेली नाही. तशी वेळ आलीच तर ६२ वर्षांचा गृहस्थ एका खिडकीवर मुलाकडून निर्वाहखर्च मागू शकतो आणि शेजारच्या खिडकीवर वडिलांना तो देणं लागू शकतो. एसटी त्याहून रोखठोक. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२पासून राज्यात प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट आणि २०२३पासून सगळ्याच बायकांना अर्धं. आता हा ६२ वर्षांचा निवृत्त कुटुंबाला घेऊन कुलदैवताला निघाला की हिशोब असा होतो: वडील फुकट, आई फुकट, बायको अर्धी, आणि चौघांचं सामान उचलणारा तेवढा पूर्ण. आयुष्मान योजनेचं ज्येष्ठांचं कार्ड सत्तरीनंतर. प्राप्तिकर खात्याने तर ८०च्या पुढच्यांसाठी ‘अतिज्येष्ठ’ हा वेगळा वर्गच काढला आहे. केंद्राच्या पेन्शनरांना ८०व्या वर्षी मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा मिळतात, ८५ला ३०, ९०ला ४०, ९५ला ५०, आणि शंभरीला थेट दुप्पट. नोकरीत रखडलेल्या बढत्या इथे ठरल्या वेळी मिळतात, कोणाच्या गोपनीय अहवालाशिवाय. साठीच्या माणसाला या शिडीची पहिली पायरी दिसायलाच वीस वर्षं थांबायचं आहे.

शिवाय अनुभवाचा प्रश्न आहे. १९९५ साली ५८व्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाची आज तीस वर्षांची निवृत्ती भरली. म्हणजे त्याने जवळजवळ नोकरीएवढीच निवृत्ती केली आहे. वर्तमानपत्र आधी कोणी उघडायचं, शब्दकोड्याला कोणी हात लावायचा नाही, दुपारी एक ते साडेतीन पंखा कितीवर, दूधवाल्याशी हुज्जत कोणी घालायची, हे सगळं तिथे केव्हाच ठरून गेलेलं असतं. आपण आईवडिलांना सांभाळतो आहोत असं चिरंजीवांना वाटतं. वडिलांच्या बाजूने पाहिलं तर चित्र उलटं आहे: इतकी वर्षं सकाळी नऊला डबा घेऊन जाणारा आणि रात्री दमून झोपणारा एक शहाणा मुलगा अचानक चोवीस तास घरात राहायला आला आहे, टीव्हीचा आवाज कमी करतो आहे आणि मिठाची बरणी लपवतो आहे. पाहुणा नक्की कोण? त्यात हा पाहुणा चौकशीच्या कक्षेत येतो. बाहेर पडताना ‘कुठे निघालास’, परत आल्यावर ‘एवढा वेळ कशाला लागला’, आणि मधल्या काळात टोपी. साठी बुद्धी नाठी ही म्हण या घरात लागू होत नाही, कारण नाठी व्हायला बुद्धी मुळात असावी लागते, आणि ती असल्याचं वडिलांनी अजून मान्य केलेलं नाही.

कोणी म्हणेल, आपल्या परंपरेने या वयासाठी वानप्रस्थ सांगितला होता. सांगितला होता, खरं आहे. अंगाला सुरकुत्या पडल्या, केस पांढरे झाले आणि नातवाचं तोंड पाहिलं की गृहस्थाने वनात जावं, असं मनुस्मृतीत आहे. तिन्ही अटी पुऱ्या करणारे गृहस्थ आज प्रत्येक सोसायटीत डझनाने सापडतील. पण ज्याचे वडील आरामखुर्चीत बसून ‘वनात जातोस तर येताना इसबगोल घेऊन ये’ म्हणतील, त्याने काय करावं, याची सोय त्या श्लोकात दिसत नाही. स्वातंत्र्याच्या वेळी या देशातलं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांचं होतं (त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता, हे कबूल). आज ते सत्तरीच्या घरात आहे. एका छपराखाली दोन पिढ्या निवृत्त आणि तिसरी नोकरीवर, हा प्रकार आपल्या पूर्वजांनी क्वचितच पाहिला असेल. श्रावणबाळाच्या चित्रात खांद्यावर कावड घेतलेला तो मुलगा नेहमी तरणाबांड असतो. आज त्याला कावड उचलण्याआधी गुडघ्याला पट्टा आणि हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. महाराष्ट्र सरकारला हे कळलेलं असावं. निराधार वृद्धांना पेन्शन देणाऱ्या योजनेला त्यांनी श्रावणबाळाचं नाव दिलं आणि लाभार्थ्याचं वय ठेवलं ६५च्या पुढे.

खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. तो घरातल्या सुनेचा. ती स्वतः साठीला टेकलेली, बहुधा स्वतःही सासू झालेली, आणि अजून सासूबाईंसाठी बिनतिखटाची आमटी वेगळी काढते. मुलगा जुना मुलगा होतो हे ठीक, पण त्या बढतीचं काम कोण करतं? गोळ्यांचा डबा सकाळ-दुपार-रात्र असा भरणं, ब्युरोतून आलेल्या मावशींनी दांडी मारली की आंघोळीला हात देणं, रात्री दोनदा उठणं, हे बहुतेक घरांत तिच्याकडेच असतं. श्रावणबाळाची पदवी मात्र नवऱ्याला मिळते, कारण बँकेत तो जातो आणि बँकेत लोक बघतात. या आक्षेपापुढे माझ्याकडे बचाव नाही. उलट माझ्या मुद्द्याला त्यातून बळच मिळतं. नवरा घरातला कनिष्ठ असेल तर कनिष्ठाची कामंही त्याच्याकडे यायला हवीत. ऑफिसात नव्याने रुजू झालेल्याला फाइली वाहायला लावतात, मग घरी नव्याने रुजू झालेल्याने कमोडची खुर्ची का धुऊ नये? तीस-पस्तीस वर्षं टेबलावर चहा मागवणाऱ्या हातांना हे जमत नाही असं म्हणतात. जमतं. न जमण्याची सवय मात्र मोडावी लागते, आणि त्यासाठी निवृत्तीइतका मोकळा वेळ दुसऱ्या कुठल्या वयात मिळणार?

राहिला मानापमान. नातवासमोर ‘तुला अक्कल कधी येणार’ हे ऐकणं साठीच्या माणसाला लागतं, असं काही जण म्हणतात. लागू द्यावं. उपदेश करण्याची जबाबदारी वरच्यांकडे असल्याने याला ती टाळता येते, हा फायदा त्यांच्या लक्षात येत नाही. आणि नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची वेळ आली की अधिकार आपोआप बदलतात. झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र ओळखत नाही, म्हणून २०२१पासून मोबाइलवर चेहरा दाखवायची सोय झाली आहे. त्यात डोळ्यांची उघडझाप करावी लागते. जन्मभर इतरांकडे डोळे वटारलेले वडील त्या दिवशी मुलाच्या हुकमाने डोळे मिचकावतात, आणि दाखला मिळाला की लगेच विचारतात, तुझा दाखला कोण काढणार?

महाराष्ट्रात ३१ मे रोजी ऑफिसंच्या ऑफिसं रिकामी होतात, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी गावातल्या अर्ध्या पोरांचा जन्म १ जूनला लावून दिला. ही तारीख खोटी आहे हे ठामपणे सांगणारी व्यक्ती जगात एकच असते: तू पोळ्याच्या आदल्या दिवशीचा, आणि पाऊस होता, असं म्हणणारी आई. तेव्हा येत्या ३१ मेला निवृत्त होणाऱ्यांना विनंती, की ज्येष्ठ नागरिक संघाचा फॉर्म भरण्याआधी घरी विचारून घ्या. वयाचा मूळ पुरावा अजून घरात असेल, तर सभासद होण्याची घाई नाही.