सहकुटुंब, सहपरिवार

गेल्या दिवाळीत भाची आली आणि फराळाची बशी हातात घेऊनच माझ्या लॅपटॉपसमोर बसली. पडद्यावर चार ओळींची बातमी होती. तिच्या डोक्यावर रो-हाऊस, पायाशी गुडघेदुखीचं तेल आणि मधोमध आदल्याच आठवड्यात मी घेतलेला मिक्सर. "मामा, तू असा कसा जगतोस रे?" असं म्हणत तिने चकली संपायच्या आत यूब्लॉक ओरिजिन नावाचं जाहिराती अडवणारं यंत्र बसवून दिलं.

घरात एकदम सुतक संपल्यासारखं वाटलं. खरी गंमत कोपऱ्यातल्या आकड्याची. किती मागण्या अडवल्या, ते तिथे दिसतं. कांदेपोह्यांची कृती उघडली तर आकडा 47! एवढे लोक आमच्या पोह्यांवर टपून होते, याची मला कल्पनाच नव्हती.

भाचीने समजावलं ते असं : पान उघडलं की ब्राउझर दहा ठिकाणांहून माल मागवतो. मजकूर इथून, चित्र तिथून, जाहिरात तिसरीकडून. हे यंत्र प्रत्येक पत्ता याद्यांशी ताडून बघतं. नको असलेला पत्ता निघाला, की मागणी घराबाहेरच पडत नाही. यातली ईझीलिस्ट नावाची यादी 2005 पासून चालू आहे आणि ती स्वयंसेवक सांभाळतात. यंत्राचा कर्ता रेमंड हिल तर देणगीही घेत नाही. "मग खातो काय?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला. त्याचं उत्तर भाचीकडेही नव्हतं.

तशी ही जाहिरातींची कटकट जुनीच. 27 ऑक्टोबर 1994 रोजी 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळाच्या पानावर पहिल्या आडव्या जाहिरातपट्ट्या झळकल्या. पुढे एका मोटार कंपनीची जाहिरात भलत्याच अचकटविचकट पानावर उमटली आणि कंपनी बिथरली. तेव्हा पानाशी तिचा संबंध दिसू नये म्हणून प्रोग्रामर ईथन झुकरमन यांनी जाहिरातीला वेगळी खिडकी काढून दिली. तोच पॉप-अप. 2014 मध्ये त्यांनी जगाची जाहीर माफी मागितली. खिडकी तोवर सगळ्यांच्या अंगणात उघडली होती.

माझं सुख वीजबिलापर्यंत टिकलं. 'पैसे भरा' दाबलं की पान पांढरंफटक. भाचीला फोन केला. "यूब्लॉकचं ते मोठं निळं बटण दाब आणि पान पुन्हा उघड." दाबलं. बटण करडं झालं, पण पैसे जाईनात. मग कळलं, की बँकेची खिडकी आता खुद्द ब्राउझरनेच अडवली होती. वर पत्त्याच्या पट्टीत त्याची एवढीशी खूण होती. म्हणजे पुढच्या दाराची कडी काढली, तर मागचं दार बंद. दोन्ही उघडली तेव्हा कुठे दिवे शाबूत राहिले.

इथून माझा तोल गेला. कुठे काही अडलं, की निळं बटण! त्यात मी जन्माचा भिडस्त. 'आम्ही जाहिरातींवर जगतो, कृपया सहकार्य करा' अशी पाटी दिसली, की मला दारात उभं राहिलेलं कुणीतरी दिसायचं. नाही म्हणवेना. आणि एका बटणाने आत फक्त ती साइट येते, असं थोडंच आहे? आपण लग्नाची पत्रिका एकाला देतो, तो 'सहकुटुंब, सहपरिवार' हे शब्द मनावर घेतो. साइटवर विश्वास टाकला, की तिचे जाहिरातवाले, मोजणीवाले, मागावर राहणारे असे सगळेच पंगतीला बसतात.

या दिवाळीत भाचीने यूब्लॉकमधली 'विश्वासू साइट्स'ची यादी उघडली. नावं 63.

"ही कोण?"

"पंख्याचा कपॅसिटर बघितला होता."

"घेतलास?"

"नाही."

"आणि ही?"

"तिथे फार काकुळतीने लिहिलं होतं गं."

"मामा, ही विश्वासाची नाही, भिडेची यादी आहे!" तिने सपासप नावं खोडली. मग एक गोष्ट शिकवली : नुसतं बटण दाबलं तर अख्खी साइट मोकळी होते. कंट्रोलची कळ धरून दाबलं तर तेवढंच एक पान. म्हणजे पाहुण्याला ओसरीवर बसवायची सोय होती आणि मी वर्षभर सगळ्यांना माजघरात आणत होतो.

आता यादीत दोनच नावं उरलीत. एक वीजबिलाचं, नाइलाजाने. दुसरं माझ्या रोजच्या वर्तमानपत्राचं, आणि ते मी स्वतः हट्टाने ठेवलंय. मी ते फुकट वाचतो, मग बातमीदाराचा पगार कुठून तरी निघायला हवा. भाचीलाही हे पटलं.

काल त्याच पानावर तो मिक्सर पुन्हा दिसला. माझ्याकडच्याची वॉरंटी गेल्याच आठवड्यात संपली.