प्रती परत मिळणार नाहीत

निवृत्तीनंतर सरांनी फंडाच्या पैशातून कवितासंग्रह काढला. पाचशे प्रती. त्या दिवाणाच्या पोटात आहेत. आलेला पाहुणा त्यांच्यावर बसून चहा पितो. विक्रीचा सरांना सोस नाही, वाचकाचा तर नाहीच. नजर असते पेपरातल्या ‘पुरस्कारासाठी पुस्तके पाठविण्याचे आवाहन’ या चौकटीवर. कुणाला दोन प्रती हव्यात, कुणाला चार, आणि खाली तळटीप : प्रती परत मिळणार नाहीत. ती वाचून काकूंचा चेहरा उजळतो. दिवाण रिकामा होण्याची आशा तिथेच आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत बुकपोस्ट बंद केलं, तेव्हा सर दोन वेळा जेवले नाहीत. “पुस्तकापेक्षा तिकिटं महाग व्हायलीत, मालक!” (तिकिटांना निदान गिऱ्हाईक आहे, हे मी बोललो नाही.)

साहित्याचा दमाणी पुरस्कार आमच्या सोलापूरचाच, पण तो बाहेरगावच्या लेखकांनाही मिळतो. याला सर ‘आपल्या गावाचं मोठं मन’ म्हणतात, दात आवळून. २००६ चं साहित्य संमेलन इथं भरलं, अध्यक्ष मारुती चितमपल्लीही सोलापूरचेच. “त्यांनी जन्म जंगलात काढला,” सर म्हणतात, “मी नववी ‘ड’वर काढला. त्याचं काय?”

जत तालुक्यातल्या नवनाथ गोरेंना ‘फेसाटी’साठी २०१८ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या टाळेबंदीत त्यांच्यावर शेतमजुरीची वेळ आली, ही बातमी काकूंनी मुद्दाम मोठ्यानं वाचली. “अहो, ऐकताय ना? अकादमी मिळूनसुद्धा!” सर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “युवा गटाला वयाची अट पस्तीसच आहे काय की?”

शेवटी यंदा पुरस्काराचं पत्र आलं. परजिल्ह्यातली संस्था, नोंदणी शुल्क पाचशे, येणं-जाणं स्वखर्चानं. सर एसटीनं गेले. नारळ मिळाला, सन्मानचिन्ह मिळालं आणि शालीऐवजी टॉवेल मिळाला, सोलापूरचाच. परीक्षकांनी भाषणात सरांच्या ‘कादंबरी’तल्या पात्रांची तोंड भरून स्तुती केली. नायिका तर त्यांना फारच भावली होती.

“अहो, मग कविता आहेत म्हणून सांगायचं नाही का?” काकू म्हणाल्या.

“कशाला? कादंबरीचा गट वेगळा असतोय,” सर दिवाणाची फळी उचलत म्हणाले. “तिकडंबी तीन-तीन प्रती पाठवतो की.”